रायवंताबाईची सीडी

आचलच्या हळदीला मांडवात बायका जमल्या होत्या, वाटीतली हळद सुकायला लागली होती, आणि तिच्या आजीनं, कुंदाबाईनं, सगळ्यांना अडवून धरलं होतं. आपल्या सासूचा, रायवंताबाईचा आवाज लागल्याशिवाय नातीच्या अंगाला हळद लागायची नाही, हे तिनं महिनाभर आधीच मुर्री गावभर सांगून ठेवलं होतं. रायवंताबाईला जाऊन अकरा वर्षं झाली. तिची हळदीची गाणी त्या एका सीडीवर तेवढी उरली होती. कोणाच्या तोंडी राहिली नव्हती.

जुन्या प्लेअरची वायर उंदरांनी खाल्ली, म्हणून कुंदाबाईचा धाकटा मुलगा हिमांशु नागपूरहून आपला प्लेअर घेऊन आला. जात्यासारखा जड. त्यात खास भारी डिस्क वाजतात, आणि साधी सीडीही इतकी साफ वाजते की गाणारीचा श्वास ऐकू येतो, असं तो सांगत होता. सकाळी त्यानं एक भारी डिस्क लावून दाखवली. थोरल्या पीयूषनं ती ऐकली आणि विचारलं, याच्यावर भात शिजते का?

घरात नवी वस्तू आली की कुंदाबाई आधी तिची पूजा करायची. ट्रॅक्टरची केली, फ्रिजची केली. हिचीही केली, आणि सीडी आपल्याच हातानं आत ठेवली. दुसऱ्या कोणाला शिवू दिली नाही.

मशीन आत कुरकुरलं, थांबलं, पुन्हा कुरकुरलं. पुढच्या काचेच्या पट्टीवर अक्षरं आली. डिस्क नाही.

हिमांशुनं बटन दाबलं. सीडीचा खण उघडेना.

"वा रे तुह्यी मशीन," पीयूष म्हणाला. "बड्या लोकायचं वाजवते, आजीचं वाजवत नाही."

हिमांशुचा चेहरा उतरला. भारी डिस्क वाचणारा डोळा वेगळा आणि साध्या सीडीचा वेगळा असतो, तो दुसरा बिघडला असेल, असं काहीबाही तो पुटपुटला. कुंदाबाईची नणंद तोंडाला पदर लावून बाजूच्या बाईशी कुजबुजली. पीयूष उठून पेचकस घेऊन आला.

कुंदाबाईनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. लाल होता.

सीडीच्या दोन बाजू तिनं पाहिल्या होत्या. एकीवर पेनानं खरडलेलं, दुसरी आरशासारखी. जी चमकते तेच तोंड, असं धरून तिनं तिथंच ओलं कुंकू लावलं होतं. अंगठा तिनं मुठीत दाबला. गप्प राहिली असती तर दोष मशीनचा होता, हिमांशुचा होता. नणंदेपुढे तिनं आजवर एकही चूक कबूल केली नव्हती.

पीयूषनं खणाच्या फटीत पेचकस घातला. आत काहीतरी खरखरलं.

"काढ तो हात," कुंदाबाई म्हणाली. "मशीन चांगली हाय. मीनंच तिच्या डोळ्यात कुंकू घातलो."

नणंद हसली.

"हासून घ्या बाई," कुंदाबाई म्हणाली. "तुमाले तर टीव्हीबी लावता येत नाही."

हिमांशुनं प्लग काढला, दम धरला, पुन्हा लावला. या वेळी खण सरकत बाहेर आला. चमकत्या बाजूवर बोटभर लाल डाग होता. गोल नको, मधून काठाकडे पूस माय, असं त्यानं सांगितलं. तिनं जुन्या धोतराचा मऊ तुकडा ओला केला आणि पुसत राहिली. डाग गेला, पण खाली ओरखडा पडला असेल तर? ते कोणालाच माहीत नव्हतं.

खण आत गेला. कुरकुर. मग पट्टीवर आकडे पळू लागले.

आधी बांगड्या वाजल्या. पाट सरकला. जुन्या प्लेअरवर इथं नुसती घरघर असायची, ती तिनं वीस वेळा ऐकली होती. आता त्या घरघरीतून रायवंताबाई कोणावर तरी चिडून बोलली, अगदी शेजारी बसल्यासारखी.

"कुंदे, हात पुसली का वं? तसीच नोको लावू."

आणि गाणं सुरू झालं.

कुंदाबाईनं कोणाकडे पाहिलं नाही. अंगठा पदराला पुसला, पाटावरच्या नातीपुढे बसली आणि वाटीत पाणी घालून सुकलेली हळद कालवायला लागली.