अराबा कधी धावली नाही

किनाऱ्यावरच्या आमच्या सॉल्टपाँड गावात कुणी मेलं की पहिला निरोप पाद्रीबाबांना जायचा, दुसरा शवागाराला आणि तिसरा बेंट्सिल मास्तरांना. मास्तर श्रद्धांजली लिहून द्यायचे. आमच्याकडे मयताच्या दिवशी चर्चमध्ये रंगीत पुस्तिका वाटतात. तिच्यात फोटो असतात, आणि नवऱ्याची, मुलांची, भाचरांची, महिला मंडळाची, अशा श्रद्धांजल्या असतात. सगळ्या इंग्रजीत. जन्मभर घरात भांडणं आमच्या फांटी भाषेत झाली असली, तरी मेलेल्या माणसाशी इंग्रजीतच बोलायचं, अशी रीत पडली आहे.

मास्तरांनी अडतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. त्यांचा वाक्याचा एक साचा होता. आधी भूतकाळाचं क्रियापद, त्यामागे क्रियाविशेषण आणि शेवटी कशासाठी ते. ‘धावली, तत्परतेने, मदत करायला.’ ‘उठली, उत्साहाने, प्रार्थनेला जायला.’ फळ्यावर तीन रकाने आखून त्यांनी गावाच्या दोन पिढ्यांकडून हे घोटून घेतलं होतं. त्यांनी अर्धं वाक्य म्हणायचं आणि उरलेलं वर्गाने ओरडायचं. निवृत्तीनंतर साचा गंजू नये म्हणून त्यांनी तो मयतांसाठी वापरायला काढला.

“मास्तर, तुमची सगळी मेलेली माणसं धावतातच कशी हो?” त्यांची बायको अराबा विचारायची. “तो अमिसाह. खुर्चीतून उठायला दोन माणसं लागायची त्याला. तुम्ही त्यालाही धावायला लावलंत.”

“ती भाषेची पद्धत आहे. तुला नाही कळायचं.”

“नसू दे कळत. पण मी मेले की मला धावायला लावू नका. हे गुडघे घेऊन मी नाही धावणार. सांगून ठेवते.”

“नाही लावणार,” मास्तर हसून म्हणाले होते.

हे बोलणं झालं आणि पावणेदोन महिन्यांत अराबा गेली. शनिवारी मयत ठरलं. श्रद्धांजली मंगळवारी दुपारपर्यंत फीफीच्या छापखान्यात द्यायची होती.

मास्तर तीन दिवस कागद घेऊन बसले. गावातल्या सगळ्यांच्या बायकांबद्दल ज्यांना दोन पानं सहज सुचायची, त्यांना स्वतःच्या बायकोबद्दल एक शब्द सुचला, ‘होती’. पुढे काहीच येईना. बऱ्याच वेळाने, हाताला सवय होती म्हणून, त्यांनी त्या शब्दाखाली लाल रेघ ओढली आणि समासात शेरा मारला, ‘अपुरे. पुन्हा लिहा.’ मग स्वतःच्या या मूर्खपणाकडे बघत बसले.

मंगळवारी फीफी स्वतःच आला. पन्नाशीचा झाला होता, पण मास्तरांपुढे अजून हात मागे बांधून उभा राहायचा.

“सर, झालं का?”

“लिहितोय.”

फीफीने कागद पाहिला. शेरा वाचला. घसा साफ केला.

“सर, त्रास नका घेऊ. माझ्या कॉम्प्युटरात तुमच्या सव्वीस बायका आहेत.”

“काय?”

“म्हणजे तुम्ही लिहिलेल्या. दुसऱ्यांच्या. त्यातली एक चांगली बघून नाव तेवढं बदलतो.”

मास्तरांनी मान हलवली. आपण कशाला मान हलवली हेही त्यांच्या नीट ध्यानात आलं नाही. फक्त समोरचा कागद गेला, एवढंच त्यांना बरं वाटलं.

शनिवारी चर्च भरलं होतं. मास्तर सुतकाच्या काळ्या-तांबड्या कापडात उभे राहिले, पुस्तिका उघडली आणि पहिल्या परिच्छेदापर्यंत ठीक वाचलं. दुसऱ्याची सुरुवात होती, “अराबा धावली, तत्परतेने...”

शब्द कुणाचा आहे, कुणाला दिलेलं वचन आपण मोडतो आहोत, हे त्यांना तिथे, सगळ्या गावासमोर कळलं. ते थांबले. आणि मागच्या बाकांवरून पन्नाससाठ जणांनी जुन्या सवयीने वाक्य पुरं केलं,

“मदत करायला!”

मग पहिल्या बाकावरून अराबाची बहीण एकुआ मोठ्याने म्हणाली, “कोण धावली? आमची अराबा? भाऊजी, मयत चुकलं की काय तुमचं?”

कुणीतरी तोंड दाबून हसलं. मास्तरांनी पुस्तिका मिटली.

“मयत बरोबर आहे, एकुआ. माणूस चुकला,” ते फांटीत म्हणाले. पाद्रीबाबांनी चमकून वर पाहिलं. “अडतीस वर्षं मी तुमच्या चुकांखाली रेघा ओढल्या. आता ही माझी चूक. ही कधीच धावली नाही. दर रविवारी मी पुढे जायचो आणि नाक्यावर घड्याळ धरून उभा राहायचो. ही येतच नसायची. प्रत्येक दारात थांबायची. कुणाचं पोर आजारी, कुणाची मासळी जळाली, सगळं विचारायची. दुसरं भजन संपल्याशिवाय आम्ही या दारातून कधी आत आलो का?”

“कधीच नाही!” बाकं ओरडली.

“मी चिडायचो. ही म्हणायची, ‘मास्तर, देव कुठे पळून चाललाय?’” ते शवपेटीकडे वळले. “एकदाच माझ्यापुढे गेली. मी दवाखान्यात पोचलो, तेव्हा आटोपलं होतं. वाट पाहायची सवय मला होती. पुढे जायची तिला नव्हती. कसं जमवलं, माहीत नाही.”

आणखी काही सुचेना, म्हणून ते खाली बसले. एकुआने त्यांच्या हातात रुमाल दिला. तो आधीच ओला होता.

बाहेर शववाहिनीचा ड्रायव्हर भोंगा लावून तयार होता. त्याला तीन वाजता दुसरं मयत होतं. फीफी मास्तरांच्या मागेमागे आला.

“सर, माझं चुकलं.”

“तुझं नाव आहे का त्या वाक्याखाली? पुढे बघून चाल.” मग ते ड्रायव्हरकडे वळले. “भोंगा बंद कर. आणि हळू घे.”

“किती हळू, मास्तर?”

“गुडघे दुखत असल्यासारखी.”

“भाऊजी, तुम्ही मागे का?” एकुआने विचारलं. “तुम्ही नेहमी पुढे असता.”

“आज मागून येतो.”

गाडी निघाली. पहिल्याच दारात लोक उभे होते. मास्तरांनी गाडीच्या पत्र्यावर थाप मारली आणि गाडी थांबली. पुढच्या दारापाशी पुन्हा थाप. तिसऱ्या दारात ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

“मास्तर, असं प्रत्येक दारात थांबलो तर उशीर होईल.”

“होणारच,” मास्तर म्हणाले आणि त्या दारातल्या म्हातारीला तिच्या नातवाचा ताप उतरला का ते विचारू लागले.