शेनची पेटी

यशश्रीचं लग्न ठरलं ते दोन हजार एकोणीस साल. तिचे वडील धनंजय तेव्हा ओमानमधल्या सोहारच्या एका पोलाद कारखान्यात विजेचं काम बघायचे. मुहूर्त डिसेंबरातला निघाला होता, पण त्यांचा जीव अडकला होता क्रेनवरच्या एका राखाडी पेटीत.

क्रेनचा ब्रेक ती पेटी सांभाळायची. चीनहून आलेल्या शेन नावाच्या म्हाताऱ्या इंजिनिअरने ती बसवली होती. तिच्यातला प्रोसेसर चीनमध्येच घडवलेला, आणि त्याला कळणारी हुकमांची भाषाही शेनच्याच कंपनीची. बाहेरच्याला तिच्यातलं अक्षर लागत नसे.

"परक्याच्या भाषेवर जगलं की तो हवं तेव्हा जीभ छाटतो," शेन चहा पिताना म्हणाला होता. कुणालाही फुकट वापरता येईल अशी एक खुली भाषा निघाली होती. तिचं नाव काढलं की तो नाक मुरडायचा. जी सगळ्यांची, ती कुणाचीच नाही म्हणायचा.

त्या उन्हाळ्यात पेटीवर बिघाडाचा लाल दिवा लागू लागला. धनंजयनी चीनला कळवलं. तिकडे कंपनीने घरची भाषा टाकून खुली धरली होती. जुना विभाग मोडला होता आणि शेनला घरी बसवलं होतं. नवी पेटी आली, पण जुनीतलं काही वाचताच येईना. क्रेन थांबवून ब्रेकची सगळी मापं नव्याने घ्यावी लागणार होती.

"माल बोटीत चढू दे, मग थांबवू," मॅनेजर चंद्रशेखर म्हणाले. "तोवर बंद करून चालू करा. दिवा विझतो ना?"

विझायचा. धनंजयनी शेनला फोन लावला. "ती वाचायचं यंत्र माझ्याकडून काढून घेतलंय," शेन म्हणाला. मग त्याने एवढंच सांगितलं, "तिच्याखाली माणूस उभा करू नका."

खाली जमाल असायचा, बाणकोटचा, हुकाला साखळ्या अडकवणारा.

"धनूभाव, लेकीच्या लग्नात बापाला सगळीकडे अपशकुनच दिसतात," तो हसला. "जा, पेटीलाही हळद लावून ये."

"चेष्टा नको. काही दिवस दुसरं काम माग."

"मी नाही तर दुसरा कुणी जाईल. त्याला काय आई नाही?"

नोव्हेंबर सरताना दिवा आपोआप लागायचा थांबला. चंद्रशेखरनी सगळ्यांना हलवा वाटला. धनंजयनी आपला तसाच बाजूला ठेवला. ताप गेलाय की नाडीच गेलीय, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. त्यांनी पुन्हा क्रेन थांबवायला सांगितलं. पण बोट डिसेंबरच्या मध्याला सुटणार होती, चंद्रशेखर ऐकेनात. नवी पेटी खोक्यासकट गोदामात पडून राहिली.

विमानाला निघताना त्यांनी जमालचा हात धरला. "ओझं उचललं की बाजूला हो. शब्द दे."

"इन्शाल्ला. लाडू घेऊन ये."

यशश्रीला हळद लागत होती तेव्हा सोहारला ब्रेक सुटला. जमाल हुसैनमियाँ वाडकर ११ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी क्रेनखाली वारला.