राघूचं चित्र

माझं नाव पोपट. त्याला राव लागला तो साखर कारखान्याच्या निवडणुकीत, आणि पुढं सगळा गावच मला आप्पा म्हणायला लागला. माझी बायको कस्तुरा मात्र जुन्या वळणाची. तिनं माझं नाव कधीच घेतलं नाही. नाव तर सोडाच, पेरूवर बसणाऱ्या त्या हिरव्या पाखरालाही ती राघू म्हणायची. मी मुद्दाम छेडायचो, "कस्तुरा, पेरू कुणी खाल्लं गं?" ती पदराआड हसायची. "राघूनं खाल्लं, आवं."

गेल्या वर्षी शिरूरला दाखवलं, तेव्हा तिला अल्झायमर झाल्याचं कळलं. तेव्हापासून दौंडच्या डॉक्टर जास्मिन आमच्या तळेगाव ढमढेऱ्याच्या मळ्यात येतात. त्या या आजारावर संशोधन करतात. रक्त घेतात, प्रश्न विचारतात. पहिल्याच भेटीत मी त्यांना गाठलं, "ह्यो रोग हुतो कशानं, ते सांगा आधी."

"खरं सांगू का आप्पा? पुरतं अजून कुणालाच कळलेलं नाही. मेंदूत नको ती प्रथिनं साचतात, पेशी मरत जातात, एवढं दिसतं. पण सुरुवात नेमकी कशानं होते, तेच शोधतोय. नवी औषधं आजाराचा वेग थोडा कमी करतात, तेही अगदी सुरुवातीला दिली तर. गेलेलं परत आणणारं औषध अजून नाही."

मला राग यायला हवा होता. पण बाई खोटं बोलत नाही, याचंच बरं वाटलं.

मागच्या खेपेला त्यांनी चित्रं आणली होती. गाय दाखवली, कस्तुरानं ओळखली. नारळ दाखवला, तोही ओळखला. तिसरं चित्र निघालं आणि मीच सावरून बसलो. पोपट! कस्तुरानं मान खाली घातली, पदर पुढं ओढला आणि गप्प बसली. डॉक्टरांनी जरा वाट पाहून कागदावर फुली मारली.

माझं डोकंच फिरलं. "आवो, फुली कसली मारताय? माझं नाव हाय ते! ती कसं काय घेणार?"

जास्मिननी कपाळाला हात लावला आणि हसत फुली खोडली. "चूक आमची. हे चित्र बदलायला हवं. पण आप्पा, एरवी त्या राघू तरी म्हणतात ना? आज तेही म्हणाल्या नाहीत. लाजल्या की आठवलं नाही, हे मला सांगता येणार नाही."

मलाही सांगता येईना. तिनं बाकी सगळं विसरावं, पण मला विसरू नये, एवढंच माझं मागणं होतं. आणि विचारायचं तरी कसं? आठवत असलं तरी ती नाव घेणार नाही, विसरली असली तरी घेणार नाही. पेरूवरचं पाखरू दाखवून विचारलं, तर म्हणाली, "पाखरू हाय की."

पुढच्या आठवड्यात मी उसाला पाणी देत होतो. ओट्यावरून हाक आली, "पोपट!"

मी आधी पेरूकडं पाहिलं. झाडावर एकही पाखरू नव्हतं.

"आवं पोपट, च्या निवला की!"

कस्तुरा कप घेऊन उभी होती. पदर खांद्यावर, नजर थेट माझ्यावर. आमची सून मोनाली दारात तोंडावर हात धरून हसत होती. मी चिखलाच्या पायांनीच पळत गेलो. डोळे भरून आले होते, ते लपवलेही नाहीत.

जास्मिनना लगेच फोन लावला. त्या म्हणाल्या, "या आजारात कधी कधी भीड सुटते आप्पा. नाव राहिलं त्यांच्याजवळ. ते घ्यायचं नाही, एवढंच विसरल्या."

आई गेल्यापासून मला नुसतं पोपट म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. आता दिवसभर हाका चालू असतात. कधीतरी त्याही थांबतील, हे मला ठाऊक आहे. म्हणून पहिल्या हाकेला मी ओ देतच नाही, उसात मुद्दाम गप्प उभा राहतो. मग कस्तुरा चिडते आणि आणखी मोठ्यानं माझं नाव घेते.