नियाजने बांधलेला हौद

मित्रांनो, मी एक जुना पोहण्याचा हौद आहे. जुना म्हणजे सहाच वर्षांचा. पण त्यातली तीन वर्षे कोरडी गेली, आणि कोरड्या हौदाचे एकेक वर्ष दहासारखे असते. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, मला खात्री नाही. पण एक पत्र मला विसरता येत नाही. ते माझ्याच काठावर वाचले गेले आणि त्याला कुणी उत्तर दिले नाही.

साताऱ्याबाहेर, सुभेदार लालासाहेबांच्या घरामागे माझा जन्म झाला. फौजेतून परतल्यावर त्यांनी मला बांधले ते पत्नीसाठी. अंजनाबाईंचे गुडघे धरले होते आणि डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितले होते. वाईच्या नियाज गवंड्याने मला घडवले. एकेक निळी फरशी तो थापीच्या दांड्याने वाजवून बघायचा. पोकळ आवाज आला की उचकटून पुन्हा बसवायचा.

दोन उन्हाळे बाई माझ्यात चालल्या. एकदा तर काठी माझ्या काठावर विसरून त्या तशाच घरात गेल्या. तो माझा सर्वांत सुखाचा दिवस.

मग माझे पाणी उतरू लागले. पावसाळ्यात ते कुणाला कळले नाही; दिवाळीच्या सुमारास मात्र रोज चार बोटे कमी दिसू लागले. लालासाहेबांनी नियाजला बोलावले आणि शेजाऱ्यांदेखत म्हणाले, "सिमेंट खाल्लंस तू, नियाज!"

"साहेब, कामात खोट न्हाई. एक दिवस द्या, गळती शोधून देतो."

"शोधतोस काय? भोक तूच ठिवलंस!"

नियाज खाली मान घालून गेला. ही गोष्ट साहेबांनी पाराजवळ सांगितली, लग्नात सांगितली. त्या बाजूला नियाजला काम मिळेनासे झाले. फोन साहेब उचलत नव्हते, म्हणून त्याने पत्र लिहिले. साहेबांनी ते काठावर मोठ्याने वाचले:

"साहेब, पायरीवर पाण्याची बादली ठेवा. आतबाहेर पाणी सारखं करून खुणा करा. एका दिवसानं बघा. दोन्हीकडं सारखं उतरलं तर उन्हानं नेलं. हौदातलं जास्त उतरलं तर गळती हाय. मग पाणी फिरवायची मोटर बंद ठेवून तसंच करा, म्हंजे गळती भिंतीत का नळीत ते कळंल. उत्तराची वाट बघतो."

"गवंडी सुभेदाराची परीक्षा घेतोय!" साहेब हसले, आणि पत्र कोटाच्या खिशात गेले. मी रिकामा झालो. पाला साचला, फरशांवर चुन्याचे डाग पडले. खरे सांगतो, मलाही वाटू लागले की मी मुळातच खोटा असेन. ज्या हातांनी मला इतके जपून बांधले, त्यांच्यावरच मी शंका घेतली.

यंदा कोट उन्हात टाकताना ते पत्र अंजनाबाईंना सापडले.

"आवं, माझ्या हातात तीन वर्सं काठी दिलीत, आणि हे खिशात ठिवलंत?"

बाईंनी मला भरून घेतले. पायरीवर दगड घातलेली बादली ठेवली. बादलीला आतून एक टिकली चिकटवली आणि बाहेरून एक, दोन्ही पाण्याच्या रेषेवर. दुसऱ्या दिवशी आतले पाणी अर्धे बोट उतरले होते, बाहेरचे चार बोटे. मग मोटर बंद ठेवून त्यांनी पुन्हा टिकल्या लावल्या. या खेपेला दोन्हीकडे जवळजवळ सारखे अर्धे बोट.

"म्हंजे भिंती चांगल्या हायेत," बाई म्हणाल्या. "मोटर ज्या नळीतनं पाणी ढकलते, ती फुटलीय."

नळीच्या वाटेवर एकाच जागी माती ओली होती: झेंड्याच्या खांबापाशी. खणल्यावर फुटकी नळी दिसली, आणि तिच्यावर पहारीचा घाव. माझे पाणी उतरू लागले त्याच वर्षी, पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी, खांबाचा खड्डा साहेबांनी स्वतः खणला होता. झेंड्याचा खड्डा दुसऱ्याकडून खणून घ्यायचा नाही, हा त्यांचा हट्ट. हातभर नळी बदलली. काम अर्ध्या दिवसाचे.

बाईंनी तिथूनच नियाजला फोन लावला. त्याच्या पत्नीने, शाहजादीने, उचलला.

"गेले वो ते. दोन महिने झाले. जाईस्तोवर विचारत हुते, सुभेदारांचं उत्तर आलं का."

साहेब माझ्या पायरीवर बसले. त्यांचे पाय पाण्यात होते, बूट घातलेलेच.

मित्रांनो, घरातले काही बिघडले तर आधी बिघाड शोधा, माणूस शोधू नका. नळी जोडता येते. एवढेच मला कळले, आणि तेही उशिरा.

दुपारी साहेबांनी पत्र लिहिले आणि बाईंना वाचून दाखवले. "शाहजादीताई, नियाजच्या कामात खोट नव्हती. नळी माझ्या हातून फुटली आणि आळ मी त्याच्यावर घातला. हे पत्र कुणालाही दाखवा. पाराजवळ मी स्वतः वाचणार आहे."

"फोनवर बोला की," बाई म्हणाल्या.

"त्यानं पत्राची वाट बघितली, अंजना."

ते अनवाणीच फाटकाबाहेर गेले. समोरच्या भिंतीवरच्या टपालपेटीचे झाकण एकदा वाजले, आणि बराच वेळ फाटक उघडेच राहिले.