उजव्या खिशाचा कोट

मी कोट बोलतोय. खुंटीकडे बघू नका, तिथे छत्री आहे. खाली बघा. हो, तुमच्या पायाखाली. आधी पाय नीट पुसून घ्या, मग ऐका. मला त्याची सवय झाली आहे.

माझा जन्म बेंगळूरच्या दंडूत, म्हणजे कॅन्टोन्मेंटात, एका शिंप्याच्या दुकानात झाला. पन्नास सालच्या आगेमागे. कापड निळं-काळं सर्जचं, जाड, दोन्ही अंगांनी सारखं विणलेलं. माप घेताना शिंपी भगवंतरावांना म्हणाला होता, "सामी, हे कापड तुमच्यापेक्षा जास्त टिकेल." भगवंतरावांना ते कापडाचं कौतुक वाटलं. ते भविष्य होतं.

भगवंतराव सरकारी कचेरीत कारकून होते. सकाळी येऊन ते मला खुर्चीच्या पाठीवर चढवत आणि निघून जात. साहेब यायचे, मला बघायचे आणि समजायचे की भगवंतराव इथेच कुठेतरी आहेत. भगवंतराव तेव्हा समोरच्या हॉटेलात डोशाची वाट बघत असत. म्हणजे त्यांची निम्मी नोकरी मी केली. निवृत्तीच्या दिवशी हार मात्र त्यांना घातला. मी अंगावर होतो म्हणून चार पाकळ्या माझ्यावर सांडल्या, तेवढाच माझा सत्कार.

कारकुनाच्या कोटाला म्हातारपण कोपरांपासून येतं. टेबलावर घासून घासून माझी कोपरं आरशासारखी चकाकू लागली, रंग विटला, कॉलर तेलकट झाली. पुढे एका थंडीत भगवंतराव गेले. त्यांची बायको कधीचीच गेली होती. ते चामराजपेटेत आपल्या मुलीकडे, अहल्येकडे राहत. धाकटा मुलगा सुधींद्रही तिथेच वाढला होता. तो इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता, आणि घरातला एकुलता एक कोट मी होतो.

आता अहल्येबद्दल सांगायला हवं. तिच्या घरात कुठलीही वस्तू ज्या नावाने आली त्या नावाने मरत नसे. धोतराचा पडदा व्हायचा, पडदा कॉफीच्या चोथ्याच्या पाण्यात बुडवून बदामी व्हायचा, बदामी पडद्याचे उशांचे अभ्रे व्हायचे आणि अभ्रे फाटले की भांडी पुसायला जायचे. तांदळाच्या पोत्यावर लोकरीने पोपट काढून तिने बसायची आसनं केली होती. तिचा नवरा गुंडोराव शाळामास्तर, सरळ माणूस. ते म्हणायचे, "मी एका जागी फार वेळ बसत नाही. अहल्या माझी उशी करील."

सुधींद्रला के. आर. पुरमकडच्या एका कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा तिने मला पेटीतून काढलं.

"हे घालून जाऊ, अक्का?" सुधींद्र म्हणाला. "शिपायाची जागा देतील."

"स्वल्प थांब रे. आतून बघ कसा आहे. बाहेरून झिजवलाय तो अण्णांनी. आतली बाजू कुणी पाहिलीच नाही अजून."

मग तिने मला उलटवलं. दाढीच्या पात्याने एकेक शिवण उसवली, तुकड्यांना खडूने खुणा केल्या, रिठ्याच्या पाण्यात धुतलं, ओलं फडकं ठेवून कोळशाच्या इस्त्रीने दाबलं, आणि आतली बाजू बाहेर घेऊन पुन्हा जोडलं. जन्मभर जी बाजू अंगाला लागून होती ती जगाला दिसू लागली. मला लाज वाटली, पण आरशात पाहिलं तर खरंच नवा दिसत होतो. काजांची जागा बदलली होती. जुनी काजं तिने माझेच धागे काढून अशी रफू केली की मलासुद्धा आता सापडत नाहीत.

एक गोष्ट मात्र तिच्या हातात नव्हती. कोट उलटवला की डाव्या छातीचा खिसा उजव्या छातीवर येतो. ती मोठी चीर, रफू करून लपत नाही. अहल्येने मग तिथे एक पांढरा रुमाल घडी करून खोचला आणि म्हणाली, "सरी, झालं. आता बघू कोण विचारतं."

जुनं अस्तर चाळण झालं होतं. नवं आणायचं तर पैसे कुठले? तिने आपल्या पेटीच्या तळातून आईचं लुगडं काढलं. इरकली, काळसर हिरवं, लाल काठाचं. आई गेल्यावर लहानगा सुधींद्र त्या लुगड्याचा पदर तोंडावर घेतल्याशिवाय झोपत नसे. तेवढं एकच लुगडं उरलं होतं. तिने ते कापलं. कात्री लावण्याआधी जरा थांबली, एवढंच. काठ असा बसवला की तो आतून बरोबर छातीवर यावा.

"सुधी, मला एक वचन दे," मला त्याच्या अंगावर चढवताना ती म्हणाली. "कोट जुना होऊ दे, फाटू दे, नवे दहा शिव. पण हा टाकायचा नाही. मला आणून द्यायचा. आत आई आहे."

"शप्पथ, अक्का. चिंध्या झाल्या तरी चिंध्या तुझ्या हातात आणून देईन."

त्याचे डोळे भरले होते. मी जवळून पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

मुलाखतीत खिशाबद्दल कुणी विचारलं नाही. यंत्रांबद्दल विचारलं, ते त्याला येत होतं. नोकरी लागली. अहल्येने पेढे वाटले आणि गल्लीत प्रत्येकीला सांगितलं, "कोट मी घरी उलटवला हं." सुधींद्रने एकदा तिला हळूच म्हटलं, "अक्का, सगळ्यांना कशाला सांगायचं?" तिला तो विनय वाटला.

मग मुलगी पाहायला गेलो. मल्लेश्वरमला, एका वकिलांकडे. मुलीचं नाव कावेरी. पोहे आले, कॉफी आली, आणि वकीलसाहेब चष्मा सारून माझ्याकडे पाहत म्हणाले, "तुमचा खिसा उजवीकडे कसा हो?"

अहल्या शेजारीच बसली होती. ती हसली, पदर सावरला आणि भावाकडे बघू लागली. बोलायचा मान तिने त्याला दिला होता.

सुधींद्र म्हणाला, "मी डावखुरा आहे. मुद्दाम तसा शिवून घेतला."

अहल्येचं हसू तसंच राहिलं, फक्त आतलं काहीतरी निघून गेलं. सुधींद्रने मात्र लगेच कॉफीचा पेला डाव्या हातात घेतला आणि अर्धी कॉफी माझ्यावर सांडली. पुढे जेवायचा आग्रह झाला. पान वाढलं. डाव्या हाताने जेवावं तर घराण्याची लाज, उजव्याने जेवावं तर खिशाची. बिचाऱ्याने पोट बिघडल्याचं सांगून नुसतं ताक घेतलं. परत येताना गुंडोराव बसमध्ये म्हणाले, "सुधी, लग्नानंतर काय करणार? कायमचा ताकावर राहणार?" अहल्या खिडकीबाहेर बघत होती.

लग्न झालं. कारखान्याची क्वार्टर मिळाली. त्याच सुमारास टेरिलीनचा अवतार झाला. न चुरगळणारं, न झिजणारं, इस्त्री न मागणारं कापड. अशा कापडाला उलटवण्याची गरज नसते, कारण त्याला आतलं-बाहेरचं असं काही नसतंच. मी पेटीत गेलो. डांबराच्या गोळ्यांच्या संगतीत काही वर्षं काढली. सुधींद्र अधूनमधून काहीतरी शोधायला पेटी उघडायचा, मला बाजूला सारायचा आणि पेटी बंद करायचा. दर वेळी मला वाटे, आज चामराजपेटेला जायचं.

एका दुपारी कावेरीने मला उन्हात काढलं. दाराशी यल्लव्वा बसली होती. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी, डोक्यावर टोपली आणि पाठीवर बोचकं. बेळगावकडची. मराठी आणि कन्नड दोन्ही एकाच वाक्यात बोलायची.

"अहो," कावेरीने आत हाक मारली, "हा कोट देऊ का? ती चांगला डबा देते म्हणतेय. याच्या आत कुणाचं तरी लुगडं लावलंय बघा."

कावेरीला दोष देणार नाही. तिने विचारलं तरी. आतून वर्तमानपत्र हललं.

"अस्तर असतं ते," सुधींद्र म्हणाला. "दे की. उजव्या खिशाचा कोट कोण घालतो?"

झालं. यल्लव्वाने डबा पुढे केला. झाकणावर कमळ कोरलेलं होतं. मी बोचक्यात गेलो.

आमच्याकडे गौरीच्या सणाला भावाने बहिणीकडे बागिन घेऊन जायचं असतं. सुपात खण, नारळ, बांगड्या, आणि वर ऐपतीप्रमाणे एखादी भेट. त्या वर्षी सुधींद्रने अक्काला स्टीलचा डबा दिला. हे मी तेव्हा पाहिलं नाही, नंतर समजलं. अहल्येने तो डबा समोरच फळीवर मांडला, त्यात चकल्या भरल्या आणि येईल तिला दाखवला, "आमच्या सुधीने आणला." पितळी डब्यांच्या रांगेत तो एकटाच चकचकीत होता.

मी मात्र बोचक्यातच होतो. यल्लव्वा मला घरोघर, बाजारोबाजार दाखवत होती आणि लोक खिसा बघून परत करत होते. अशीच ती चामराजपेटेत आली. त्या गल्लीत अहल्या तिची उलटी गिऱ्हाईक. सगळ्या बायका कपडे देऊन भांडी घेत. अहल्या जुनी भांडी देऊन कपडे घेई, गोधडीला, पिशव्यांना.

"अक्का, आज लोकरीचा माल हाय," यल्लव्वाने मला पसरलं. "कापड कसं घट्ट हाय बघा. पण कुणी येड्यानं उलटा शिवलाय. खिसा बघा, उजवीकडं!"

अहल्येने मला उचललं. पुढची बाजू उघडली. लाल काठावर तिचं बोट थांबलं.

"येड्यानं नाही ग," ती म्हणाली. "येडीनं."

यल्लव्वाला काही समजलं नाही. अहल्येने विचारलं, "याचं काय दिलंस?"

"डबा दिला की. त्यो काय, तुमच्या फळीवर हाय तसलाच. कमळाचा. कारखान्याच्या क्वार्टरमधल्या साहेबांनी घेतला. गौरीच्या आधी."

अहल्या उठली. डबा खाली घेतला. चकल्या वर्तमानपत्रावर ओतल्या. डबा पुसला आणि यल्लव्वासमोर ठेवला.

"हा घे. तो दे."

"अय्यो अक्का, नवा डबा देऊन जुना कोट कोण घेतं? तोट्यात जाताय."

"ते झालं कधीच."

संध्याकाळी गुंडोरावांनी फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "डबा?"

"दिला. चकल्या कागदात बऱ्या राहतात."

गुंडोराव शहाणे. त्यांनी कागदातली एक चकली घेतली आणि खाल्ली.

मला वाटलं, सुटलो. आता ही मला रिठ्यात धुवील, पेटीत ठेवील, आणि कधी सुधींद्र आला की त्याच्यापुढे धरील. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पातं घेऊन बसली. आधी अस्तर उसवलं, अगदी अलगद, एक धागा तुटू न देता. ते धुतलं, सावलीत वाळवलं, घडी करून देवघरात ठेवलं. मग तिने मला धरलं आणि फाडलं. सर्जच्या कापडाचा फाटताना फार मोठा आवाज होतो. गुंडोराव बाहेर ओट्यावर जाऊन बसले. पट्ट्या काढल्या, त्यांच्या वेण्या घातल्या, वेण्या गोल गुंडाळून सुतळीने शिवल्या. माझ्या छातीला माझीच पाठ जोडली गेली. तो उजवा खिसा कुठल्या वेढ्यात आहे, मलाही सांगता येणार नाही.

मी काय केलं होतं? वचन त्याने मोडलं, फाडलं मला. पण तक्रार कुणाकडे करणार? कचेरीत वर्षानुवर्षं हेच पाहिलं होतं. चूक साहेबाची आणि मेमो कारकुनाला.

मला दाराशी टाकलं. वर्ष गेलं, गौर आली. त्या वर्षी अहल्येने गौरीला नवं वस्त्र आणलं नाही. देवघरातली घडी उलगडली, तुकडे जोडले आणि लाल काठाचं ते इरकली देवीला नेसवलं. समोरच्याच खोलीत गौर होती. मला दारातून सगळं दिसत होतं.

सुधींद्र बागिन घेऊन आला. चपला काढल्या, आणि माझ्यावर पाय पुसले. चांगले, दोन्ही, टाचेपासून.

"अक्का, हे पायपुसणं फर्स्ट क्लास केलंयस! कावेरीलाही एक करून दे."

"देते की. एक जुना कोट घेऊन ये."

"कोट? माझ्याकडे कुठला जुना कोट?" तो हसत आत गेला आणि गौरीपुढे हात जोडून उभा राहिला. जोडलेले हात बराच वेळ तसेच राहिले. "अक्का, आईचं असंच लुगडं होतं, नाही का? मी तोंडावर घ्यायचो बघ. ते कुठं गेलं ग?"

अहल्या सुपातला नारळ बाजूला काढत होती. तिने वर पाहिलं नाही.

"अस्तराला लावलं होतं," ती म्हणाली. "यल्लव्वा म्हणाली, डबा चांगला दिला त्याचा."

गुंडोराव खोकले आणि कॉफी बघायला आत गेले. सुधींद्रने कॉफी प्यायली. उजव्या हाताने. निघताना दाराशी आला, खाली पाहिलं, थबकला, आणि मोठी टांग टाकून मला ओलांडून गेला. मागे वळला नाही.

आयुष्यात त्याने मला दाखवलेला हा पहिला आदर. मला वाटलं, आता तरी अहल्या मला आत नेईल. ती दाराशी आली. मला उचललं, उंबऱ्यावर आपटून धूळ झटकली, क्षणभर हातात धरून उभी राहिली. तिचं बोट वेण्यांमधून काहीतरी शोधत होतं. मग तिने मला पुन्हा दाराशी ठेवलं, सरळ करून.

तेव्हापासून इथेच आहे. तुम्ही परके आहात, म्हणून एवढं सांगितलं. आत यायचं असेल तर या, पाय पुसायला संकोच करू नका. परक्या पायांचं मला काही वाटत नाही.