सळईमामा

"धरा," सळईमामा म्हणाले आणि खड्ड्यातून ओढून काढलेली लांब लोखंडी सळई त्यांनी माझ्यापुढे केली.

मी धरली. एरवी ही सळई तीन आकडे मोजेपर्यंत हातात टिकत नाही, इतकी तापलेली असते. आज ती नळाच्या पाण्यासारखी गार होती.

"मधली आजारी आहे, ताई. आठ दिवस झाले, अंगात ऊब म्हणून नाही. आणि वास हा असा."

मधली म्हणजे मधला खड्डा. आमच्या इमारतीच्या मागे ओल्या कचऱ्याचे विटांनी बांधलेले तीन खड्डे आहेत आणि मामांनी त्यांची नावं मोठी, मधली आणि धाकटी अशी ठेवली आहेत. बायकांचीच नावं का, असं मी एकदा विचारलं होतं. "पुरुष असते तर इतकं पोटात घेतलं नसतं," असं म्हणून ते फावडं धुवायला निघून गेले.

मामा मूळचे बॉयलरवाले. कागदाच्या कारखान्यात बत्तीस वर्षं त्यांनी आग सांभाळली. कारखाना बंद झाला त्या दिवशी शेवटची आगही त्यांनीच विझवली. मग आमच्याकडे पहारेकरी म्हणून आले. पहिल्याच आठवड्यात कचऱ्याची गाडी भरताना पाहून ते मला म्हणाले, "एवढी उष्णता तुम्ही रोज फुकट देऊन टाकता?" मी या इमारतीची सचिव. मला त्यात फक्त सालं आणि देठं दिसत होती. त्यांनी एका कोपऱ्यात ढीग रचला, पाला घातला, चार दिवसांनी त्यात सळई खुपसली आणि माझ्या हातात दिली. मी ओरडून टाकून दिली. या माणसाला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

त्याला नऊ वर्षं झाली. आता बेचाळीस घरांचं एक साल गाडीत जात नाही. गच्चीवरच्या कुंड्या आणि रस्त्याकडेची झाडं त्यावर जगतात, उरलेलं खत शेजारच्या शाळेच्या बागेत जातं. प्रत्येक घराची एक बादली, त्यावर रंगाने घराचा नंबर. बादली रिकामी करायची ती मामांनीच, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणी वजन कमी करायला घेतलंय आणि कोणी तिसऱ्याच दिवशी सोडून दिलंय, हे सगळं मामांना ठाऊक असायचं. पण त्यांच्या तोंडून कोणाच्या बादलीतला शब्द कधी बाहेर पडला नाही.

आणि आता मधली बिघडली होती. पहिल्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंची खिडकी बरोबर तिच्यावर. मुलं नाकाला रुमाल लावून गणितं सोडवतात, असं त्यांनी लेखी दिलं होतं. अध्यक्षांना आयतंच मिळालं. खड्डे बुजवून तिथे चार गाड्या लावायच्या आणि कचरा पूर्वीसारखा गाडीत द्यायचा, हा ठराव रविवारच्या सभेत येणार होता. मामांना कोणी कामावरून काढणार नव्हतं. फाटकाशी खुर्ची टाकून बसायचं काम होतंच की. पण एकदा आग विझवलेल्या माणसाला पुन्हा तेच करायला सांगणं बरं नव्हे, एवढं मला कळत होतं.

मला आणखीही एक गोष्ट कळत होती, आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती.

महिन्यापूर्वी ह्यांना दवाखान्यातून घरी आणलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण अन्नावरची वासनाच उडाली. डॉक्टर म्हणाले, दर दोन तासांनी थोडं थोडं द्या. मी दूध देई, सूप देई, तूप घालून मऊ भात देई. हे चमचाभर घेत आणि मान फिरवत. उरलेलं ओतायचं कुठे? ह्यांच्या पलंगावरून स्वयंपाकघराची मोरी सरळ दिसते. दोनदा ओतताना त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "तुझी मेहनत वाया घालवतोय मी." त्या दिवसापासून मी सगळं गुपचूप बादलीत ओतायला लागले. वर भाजीची सालं, त्यावर कागद. दिवसातून सहा वेळा.

दूध, तूप आणि पातळ अन्न बादलीत टाकू नये, ही पाटी खड्ड्यांशेजारी लावलेली आहे. अक्षर माझंच आहे.

रविवारी सकाळी गाड्या बाहेर काढून खाली खुर्च्या मांडल्या. मी इतिवृत्ताची वही घेऊन बसले. शिकवणीच्या बाई बोलल्या, अध्यक्ष बरंच बोलले. मग मामांना विचारलं, असं झालं कशाने? मामा टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"चुकलं माझं. पाला कमी पडला. एक महिना द्या, ताळ्यावर आणतो."

पाला कमी पडला नव्हता. पाल्याची सहा पोती त्यांच्या मागे भिंतीला टेकून उभी होती. मी ते वाक्य वहीत लिहायला घेतलं आणि 'चुकलं' या शब्दापुढे पेन जाईना. मामांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर कदाचित मी लिहून मोकळी झाले असते. पण त्यांनी चुकूनसुद्धा पाहिलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना सगळं माहीत आहे.

मी उठले. "मामांचं काही चुकलेलं नाही. दूध माझ्या घरचं आहे. रोजचं."

मग कारण सांगितलं. मोरीचं, पलंगाचं, मान फिरवण्याचं. सांगताना आवाज नीट राहिला, याचं मला नंतर नवल वाटलं. अध्यक्ष चष्मा पुसत बसले.

शिकवणीच्या बाईंनी हळूच विचारलं, "काहीच खात नाहीत का हो ते?"

"अजून नाही."

"मग महिनाभर मी मुलांना आतल्या खोलीत बसवते," त्या म्हणाल्या. त्यांना आतली खोली एकच आहे आणि तिच्यात त्यांच्या सासूबाई झोपतात. ठराव वहीत शिरलाच नाही.

दुसऱ्या दिवशी बादली घेऊन खाली गेले तर मामा रागावलेले. "कशाला बोललात? मी निभावून नेलं असतं." मग मला मागे कुंपणापाशी घेऊन गेले. तिथे एक छोटा खोल खड्डा होता, वर पाल्याचा जाड थर. पंधरा दिवसांपूर्वीच त्यांनी तो खणला होता. तेव्हापासून माझी बादली ते वेगळी काढून इथे रिती करत होते. फक्त तोवर मधलीच्या पोटात जायचं ते जाऊन चुकलं होतं.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय सांगणार? जेवत नाहीत हे तुम्हाला माहीतच होतं की."

त्यांनी मधली पार उपसली. उलटीपालटी केली, पाला घातला, भुसा घातला. रोज सळई खुपसायची, काढायची आणि मान हलवायची. मी वर तेच करत होते. चमचा पुढे करायचा, मागे घ्यायचा. आम्ही दोघं एकमेकांना काही विचारत नव्हतो.

अठराव्या दिवशी मी खाली गेले तेव्हा माझी बादली रिकामी करून पालथी ठेवलेली होती. विटांच्या कठड्यावर एक केळीचं साल होतं, एकटंच, नीट उलगडून ठेवलेलं. मामा त्याच्याजवळ उभे होते.

"पूर्ण खाल्लं?"

"अर्धं. बाकीचं मी संपवलं."

"मागून घेतलं, की तुम्ही दिलं?"

"मागितलं."

त्यांनी साल उचललं, मधलीत टाकलं आणि त्यावर भुशाची मूठ पसरली, झोपलेल्या माणसावर पांघरूण सारखं करावं तशी. मला त्यांचे आभार मानायचे होते. वाक्य मी जिन्यावरच जुळवून ठेवलं होतं, चांगलं लांबलचक होतं. तोंड उघडलं, तोच त्यांनी सळई ओढून काढली आणि माझ्यापुढे केली.

"धरा."

मी धरली. चटका बसत होता, तरी एक मोजलं, दोन मोजलं, आणि सोडली नाही.