चिमीची उडी

"तिला कुणी ढकललं का? नाही ना? तिनं आपण होऊन उडी मारली. मग अनसूयाबाई, तुम्ही एवढा आवाज कशासाठी चढवताय?"

मुख्याध्यापक वादिराज सर शांतपणे पानाला चुना लावत होते. अनसूयाबाई टेबलासमोर उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नव्हत्या.

"सर, सहावीतली पोर आहे. पोहता येत नाही तिला. विहिरीत गटांगळ्या खात होती आणि आपल्याच वर्गातली पोरं पायरीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती."

"मुलांचा खेळ होता तो. जयतीर्थनं मला सगळं सांगितलंय." सरांनी पान तोंडात ठेवलं. "तुम्हीच वर्गात वाचलेल्या गोष्टीतला खेळ."

गोष्ट त्यांनीच वाचून दाखवली होती, हे खरं होतं. त्याचाच त्यांना जास्त संताप आला.

छप्पन साली हुबळी-धारवाड म्हैसूर राज्यात गेलं, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी अनसूयाबाई जुन्या हुबळीतल्या या मराठी शाळेत लागल्या होत्या. आता अठ्ठ्याहत्तर साल चालू होतं. मधल्या काळात त्यांच्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं काही घडलं नव्हतं. लग्न झालं नाही. धारवाडला थोरल्या बहिणीकडे राहायचं, सकाळच्या बसनं हुबळीला यायचं, संध्याकाळच्या बसनं परतायचं. शाळेतला पट दर साली घटत होता. पोरं गल्लीत कन्नड बोलत, वर्गात मराठी, आणि भांडताना दोन्ही.

राधा त्यांच्या सहावीच्या वर्गात होती. तिचे वडील भरमा गोकुळ रोडवरच्या एका वर्कशॉपात घण मारायचं काम करत. लहानपणी स्टोचा भडका उडून राधेच्या डाव्या गालापासून गळ्यापर्यंतची कातडी आखडून गेली होती. हसली की तोंड एका बाजूला ओढलं जाई, म्हणून ती हसतच नसे. वर्गानं तिला नाव ठेवलं होतं, 'सुट्ट बदनीकाई'. म्हणजे भाजलेलं वांगं. नाव शोधून काढणारा जयतीर्थ, शाळेच्या कमिटीचे चेअरमन बाळाचार्य यांचा नातू. हुशार, देखणा, वक्तृत्वात दर वर्षी पहिला. तो 'सुट्ट' एवढंच म्हणे, बाकीचा वर्ग एका सुरात पुढचं म्हणे.

बाईंनी सगळं करून पाहिलं होतं. कोपऱ्यात उभं केलं, हातावर पट्टी मारली, समजावून सांगितलं. बाईंसमोर नाव बंद झालं. पाठीमागे चालूच राहिलं.

मग पुण्याला एका लग्नाला गेल्या असताना त्यांना मुलांची एक कादंबरी मिळाली. चिमी नावाची मुलगी, जन्मतःच ओठ फाटलेला. गावातली पोरं तिला छळतात. बाईंनी ती बसमध्ये वाचली, डोळे पुसले आणि ठरवलं की उपदेश पुरे झाला, आता पोरांना हीच वाचून दाखवायची. शनिवारी शेवटच्या तासाला.

पोरं ऐकतही होती, अगदी श्वास रोखून. चिमीचा डबा गटारात फेकतात तो भाग आला तेव्हा जयतीर्थच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. बाईंनी ते पाहिलं आणि त्यांना वाटलं, जमलं. थोड्याच दिवसांत वांग्याचं नाव गेलं. पोरं राधेला 'चिमी' म्हणू लागली. "चिमी, ये की गं इकडं." मुली तिला शेजारी बसवून घेऊ लागल्या. राधा एकदा बाईंच्या देखत हसली, तोंड वाकडं होऊ देऊन हसली. त्या संध्याकाळी बसच्या खिडकीशी बसून बाई स्वतःशीच कितीतरी वेळ खुशीत होत्या.

परवाच्या शनिवारी शेवटचं प्रकरण वाचलं. नदीला पूर येतो, चिमीला छळणारा पोरगा पाय घसरून पाण्यात पडतो, कुणी पुढे होत नाही आणि चिमी उडी घेऊन त्याला बाहेर ओढते. सारा गाव तिला खांद्यावर घेतो. 'आजपासून चिमी आमची!' वर्गानं टाळ्या वाजवल्या. बाईंनी पुस्तक मिटलं, घंटा झाली, पोरं पळाली.

शाळेमागच्या देवळाला पायऱ्यांची जुनी विहीर होती. तिथं काय झालं ते देवळापाशी फुलं विकणाऱ्या रंगूबाईनं बाईंना सांगितलं. ती फुलांवर शिंपडायला पाणी काढत होती. जयतीर्थ खालच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडून ओरडत होता, "चिमी, वाचव! मी बुडालो!" बाकीची चार-पाच पोरं वरच्या पायरीवर उभ्या राधेला म्हणत होती, "उडी मार. उडी मारलीस तर तू आमची." राधा बराच वेळ उभी होती. मग तिनं दप्तर खाली ठेवलं, डोळे मिटले आणि मारली उडी.

"खोटं न्हाई सांगत बाई," रंगूबाई म्हणाली, "पोरगी खाली गेली, वर आली, परत खाली गेली, तरी पोरं टाळ्याच पिटाय लागलेली. मी दोर टाकला. दोर धरायचं कळलं तिला, म्हणून वाचली."

रविवारी बाई भरमाच्या घरी गेल्या. एकच खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली घोंगडीवर राधा भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिची आई सरूबाई चुलीपाशी होती. ती उठली नाही, या म्हणाली नाही. भरमानं मात्र पाट पुढे सरकवला.

"बसा बाई. पोरगी कालपासनं बोलंना."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दावलं. छातीत पानी न्हाई म्हटले. सकाळी देवळाकडनं आलो. विहीर बाटली म्हणत्यात. आमची जात काडली. पोरगी बुडत हुती तवा एक म्हातारी सोडून कोन आलं न्हाई, बाई. आता पानी उपसाय धा जण लागल्यात."

सरूबाईनं चुलीतलं लाकूड जोरात आत ढकललं. "गोष्ट तुमीच सांगितलासा म्हणं," ती म्हणाली. "असली कसली गोष्ट सांगतासा, अक्कोर?"

गावाकडच्या कन्नड शाळेत बाईंना 'अक्कोर' म्हणतात. सरूबाईच्या तोंडी तो मान नेहमीचाच होता, आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

बाई राधेजवळ जाऊन बसल्या. "राधा. का गं मारलीस उडी?"

उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. पण राधा वळली. घसा बसला होता, शब्द खरखरत बाहेर आले.

"बाई, एक इचारू?"

"विचार की."

"चिमीला पवाय येत नसतं तर?"

बाईंनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"तर ती कुनाचीच झाली नसती, व्हय?" राधा उठून बसली. गालाची कातडी लाल झाली होती. "त्या जयत्यानं कवा उडी मारल्या? त्यो पयल्यापासनं सगळ्यांचा. मीच का मारायची? गोष्टीतबी तिनंच का मारायची?"

बाईंना ते पुस्तक पानापानानं आठवलं. चिमी किती सोसते, किती गोड बोलते, आणि सरतेशेवटी जीव धोक्यात घालते, तेव्हा कुठे लोक तिला माणसात घेतात. आपण हे डोळे पुसत वाचलं. पोरांनी त्यातून जे घ्यायचं तेच घेतलं होतं. पोरं चुकली नव्हती. पुस्तकात तसंच लिहिलं होतं.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या.

सोमवारी सकाळी त्या वादिराज सरांकडे गेल्या होत्या ते हे सगळं डोक्यात घेऊन. तिथून निघाल्या त्या तशाच वर्गात आल्या. हजेरी घेतली नाही. राधेची जागा रिकामी होती.

"जयतीर्थ, उभा राहा. या वर्गानं तुला आपला म्हणावं म्हणून तू काय केलंस?"

जयतीर्थला वाटलं, हा प्रश्न सोपा असणार. तो उभा राहिला, तोंड उघडलं, आणि त्याला काही सापडेना.

"आठव. पहिल्या दिवशी या बाकावर बसलास. त्याआधी तुला कुणी काय करायला लावलं?"

"काही नाही, बाई."

"महादेव, तुला?"

"काही नाही."

"उडी मारायला सांगितली? कुणाचा जीव वाचवायला सांगितला?"

"नाही, बाई."

बाईंनी एकेकाला उभं केलं. आवाज चढवला नाही, पट्टीला हात लावला नाही. संपूर्ण वर्ग उभा राहिला आणि प्रत्येकानं 'काही नाही' म्हटलं. शेवटी शेवटी पोरांचे आवाज ऐकू येईनासे झाले.

"मग राधेलाच का?"

मागच्या बाकावरची एक मुलगी रडू लागली. बाईंनी तिला गप्प केलं नाही. "उभेच राहा," त्या म्हणाल्या. "विचार करा. मीही करते आहे." आणि घंटा होईपर्यंत त्याही खुर्चीत बसल्या नाहीत.

जयतीर्थनं घरी जाऊन सांगितलं. बाळाचार्य दुसऱ्या दिवशी शाळेत आले आणि वादिराज सरांच्या खोलीत बराच वेळ बसले. ते गेल्यावर सरांनी बाईंना बोलावलं.

"चेअरमन मोठ्या मनाचे आहेत. गुरुवारी प्रार्थनेनंतर जयतीर्थ सगळ्यांसमोर माफी मागेल. राधा म्हणेल, 'माफ केलं'. तिच्या वडिलांनाही बोलवा. तुमच्या पुस्तकासारखाच गोड शेवट होईल."

"आणि तिला तसं म्हणायचं नसेल तर?"

"लहान मुलीला काय म्हणायचं असतं आणि नसतं? तुम्ही सांगा, ती म्हणेल. ऐकते ती तुमचं."

"म्हणूनच मी सांगणार नाही."

वादिराज सरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "संस्थेच्या लांबच्या खेड्यातल्या शाळेत एक शिक्षक कमी आहे, अनसूयाबाई. धारवाडहून तिकडं यायचं-जायचं तुमच्या वयाला सोपं नाही. विचार करा."

गुरुवारी पटांगणात रांगा लागल्या. बाळाचार्य खुर्चीत, शेजारच्या स्टुलावर पेढ्यांचा पुडा. भरमा कामावरून तसाच आला होता, फाटकापाशी उभा होता. आत बोलावलं तरी आला नाही.

जयतीर्थ पुढे आला. हात मागे बांधून, मान ताठ करून त्यानं सुरुवात केली. "माझ्या प्रिय भगिनी राधा, अजाणतेपणी माझ्या हातून जो प्रमाद घडला..." स्वच्छ उच्चार, योग्य ठिकाणी थांबणं. दोन शिक्षकांनी कौतुकानं मान डोलावली. "...तरी उदार अंतःकरणानं मला क्षमा कर." मग त्यानं हात पुढे केला.

राधा त्या हाताकडे पाहत राहिली.

"म्हण बाळ," वादिराज सर म्हणाले. "माफ केलं, म्हण."

"न्हाई."

रांगांमध्ये कुजबुज झाली. सर हसले. "असं करू नये राधा. तो माफी मागतोय ना? चांगल्या मुली—"

"मी बुडत हुतो तवा त्यो हसत हुता," राधा म्हणाली. घसा अजून पुरता सुटला नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "मला अजून दिसतंय. मी म्हणनार न्हाई."

बाळाचार्य खुर्चीतून उठले. "हे कोणी शिकवलं हिला?"

"कुणी नाही." अनसूयाबाई शिक्षकांच्या ओळीतून पुढे आल्या. पदर त्यांनी मुठीत घट्ट धरला होता. "पाठ केलेलं ह्याला येतं. हिला येत नाही. हिला जे वाटतं तेच ही बोलली. तुमच्या नातवानं माफी मागितली, बरं केलं. पण मागितली म्हणून ती मिळालीच पाहिजे, असं कुठं आहे? तिला खोटं बोलायला लावू नका. बस झालं तिनं तुमच्यासाठी करायचं."

"अनसूयाबाई!" वादिराज सर ओरडले. "बदलीची ऑर्डर आज संध्याकाळी निघेल."

"निघू द्या."

जयतीर्थचा हात अजून पुढेच होता. तो मागे कसा घ्यायचा हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याची हनुवटी हलू लागली.

"खाली घे रे हात," बाई त्याला म्हणाल्या. आवाजात राग होता, पण त्याच्यावरचा नव्हता. "अवघडेल. जा, रांगेत उभा राहा."

त्यानं हात खाली घेतला आणि तो रांगेत गेला. पेढ्यांचा पुडा कुणी उघडला नाही.

रांगा मोडल्या तेव्हा भरमा फाटकातून आत आला. त्याच्या तळहातांवर ग्रीसचे डाग होते, ते तो धोतराला पुसत होता. त्यानं कुणाकडेच पाहिलं नाही. राधेच्या खांद्यावरचं दप्तर काढून घेतलं आणि म्हणाला, "चल. घरी जाऊ. बास झाली ही साळा."

राधेनं दप्तर त्याच्या हातातून परत घेतलं.

"न्हाई अप्पा. आता गणिताचा तास हाय."

ती वर्गाकडे निघाली. पाच-सहा पावलं गेल्यावर थांबली आणि वळून म्हणाली, "बाई, चला की. तास तुमचाच हाय."

अनसूयाबाईंनी पदराची मूठ सोडली. कचेरीच्या दारात वादिराज सर उभे होते, त्यांच्यासमोरून त्या वर्गात गेल्या. फळा पुसला, खडू घेतला आणि अपूर्णांकांची बेरीज लिहायला सुरुवात केली.

भरमा कितीतरी वेळ पटांगणात उभा होता. मग तो कामावर गेला.